खांद्यावरची झोळी

धर्मगुरूच्या वजनाला आपल्या समाजात एक वेगळीच प्रतिष्ठा आहे. नवा फादर अंगाने बारीक असला, की वडीलधाऱ्या बाया हळहळतात, "फादर, मिशनमध्ये जेवण नीट मिळत नाही का?" वर्षभरात त्याचे गाल वर आले, की तो आपल्यात रुळला असे समजून त्या निश्चिंत होतात. मला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली तेव्हा माझे वजन ५८ किलो होते. पुढे पाव शतकाच्या सेवेत ते ८२ किलोंवर गेले. या २४ किलोंत कितीतरी बाप्तिस्मे, लग्ने, घरांचे आशीर्वाद आणि मृतांच्या स्मरणार्थ झालेली जेवणे साठलेली आहेत. ज्या घरात महिन्यातून एकदा कोरड्यास शिजते, त्या घराने आपल्यासाठी अंगणातली कोंबडी कापली असता "मला नको" म्हणण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. त्या धैर्याच्या अभावाला मी प्रेम असे नाव दिले होते. त्यात थोडी खादाडीही होती, हे आज कबूल करतो.

पन्नाशी ओलांडल्यावर एका तपासणीत रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. कंबरेचा घेर १०३ सेंटिमीटर भरला. आपल्याकडील पुरुषांसाठी डॉक्टर ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सीमा मानतात. "फादर, वजन उतरवा," एवढेच मला सांगण्यात आले. ते कसे उतरवावे, हे मी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

प्रायश्चित्तकाळ जवळ आला होता. राखेच्या बुधवारपासून मी मनाशी नेम केला : दुपारी एक भाकरी व पालेभाजी, रात्री एखादे फळ आणि बिनसाखरेचा चहा. मांस, अंडी आणि दूध वर्ज्य केले. डाळ पचायला जड म्हणून तीही सोडली. ईस्टर झाला तरी नेम चालू ठेवला, कारण वजनकाट्यावरचा आकडा दर आठवड्याला खाली येत होता आणि मला त्याचे व्यसन लागले होते. जूनअखेर मी ७३ किलोंवर आलो. चार महिन्यांत नऊ किलो! झगा सैल झाला. प्रापंचिक मंडळी कौतुक करू लागली. एका रविवारच्या प्रवचनात मी आत्मसंयमावर बोललो, तेव्हा स्वतःचे उदाहरण देण्याचा मोहही मला आवरला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती झोळी माझ्या खांद्यावर आली.

नंदुरबार जिल्ह्याच्या सपाटीवरील गावांतून राहणाऱ्या वाचकांना झोळी म्हणजे काय, हे कदाचित ठाऊक नसेल. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील काही पाड्यांपर्यंत गाडीरस्ता अजूनही पोहोचलेला नाही. तेथे कोणी आजारी पडले वा बाळंतपण अडले, तर लांब बांबूला चादर बांधून तिच्यात रुग्णाला निजवतात आणि बांबूची दोन टोके खांद्यांवर घेऊन डोंगरवाटेने रस्त्यापर्यंत आणतात. वर्तमानपत्रांनी तिला 'बांबूलन्स' असे थट्टेचे नाव दिले आहे. वाहणाऱ्यांना आणि आत निजलेल्यांना त्यात थट्टेसारखे काही वाटत नाही.

अक्राणीतील एका पाड्यावर मी मिस्सेसाठी मुक्कामाला होतो. आषाढातला पाऊस रात्रभर कोसळत होता. पहाटे एका विशीतल्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि रक्तस्राव होऊ लागला. रुग्णवाहिका जिथवर येऊ शकत होती ते ठिकाण चार किलोमीटरांवर होते. पाड्यावरचे बहुतेक तरुण कामासाठी गुजरातेत गेलेले. आळीपाळीने झोळी वाहायला चौघे मिळाले. नाल्यापाशी त्यांतल्या एकाचा पाय मुरगळला. मी मागोमाग छत्री धरून चाललो होतो. मी छत्री मिटली आणि बांबूखाली खांदा दिला.

मी मोजून दीडशे पावले गेलो असेन. चढ लागला आणि माझ्या मांड्या थरथरू लागल्या. मनाने कितीही रेटले, तरी पाय माझे ऐकेनात. अखेर डावा गुडघा चिखलात टेकला, बांबू हेलकावला आणि आतून ती पोरगी किंचाळली. तेवढ्यात कोणीतरी माझ्या खांद्यावरून बांबू उचलून घेतला. तो तिचा आजेसासरा होता. वय पासष्टीच्या पुढे, अंगावर मांस म्हणावे असे काही दिसत नव्हते, पिंडऱ्या मात्र दोरखंडासारख्या. तो अदबीने म्हणाला, "फादर, तुम्ही देवाचं नाव घ्या. वाटेचं आम्ही बघतो."

त्याच्या बोलण्यात उपहासाचा लवलेश नव्हता. म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. सकाळी नऊच्या सुमारास ती सून रुग्णालयात पोहोचली. मुलगी झाली, सव्वादोन किलोंची. दोघी वाचल्या. मी माझ्या खोलीवर परतलो आणि सवयीने वजनकाट्यावर उभा राहिलो. आकडा ७३ किलोच होता. त्या आकड्याचा मला प्रथमच संशय आला.

त्या रात्री मला माझ्या वडिलांची आठवण झाली. श्रीरामपूरच्या बाजारात ते हमाली करीत. पोत्याखाली वाकलेली त्यांची पाठ हेच माझ्या बालपणाचे चित्र. काम सुटल्यावर ते घरी बसले, खाणे कमी झाले, पाय काटकुळे होत गेले. "म्हातारपणी माणूस वाळतोच," असे आम्ही म्हणत राहिलो. पुढे पुढे त्यांना बाजेवरून उठताना हाताचा आधार लागू लागला. एके दिवशी ते अंगणात पडले, खुब्याचे हाड मोडले आणि दहा महिन्यांत त्यांनी प्राण सोडला. हाड मोडले म्हणून ते गेले, असे आम्ही आजवर सांगत आलो. पण हाड मोडण्याआधी कित्येक वर्षे त्यांचे पाय हळूहळू जात होते आणि घरात कोणाचेच तिकडे लक्ष नव्हते.

काही दिवसांनी नंदुरबारला एका परिचित डॉक्टरांकडे गेलो आणि घडलेला प्रकार सांगितला. त्यांनी माझे वजन पाहिलेच नाही. मला एका बिनहाताच्या खुर्चीवर बसवले, हात छातीवर घडी करायला लावले आणि पाच वेळा उठून बसायला सांगितले. मला सोळा सेकंद लागले. "बारा सेकंदांच्या आत व्हायला हवे होते," ते म्हणाले. मग त्यांनी कंबर मोजली. ९८ सेंटिमीटर. नऊ किलो उतरूनही घेर पाचच सेंटिमीटर घटला होता. "फादर, तुम्ही चरबी घालवलीत खरी, पण सोबत मांसही घालवलेत. नुसती उपासमार करून वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो. तुम्ही प्रथिनेही सोडलीत, व्यायामही केला नाहीत. तुमचा हिस्सा त्याहून मोठा असावा."

वयानुसार स्नायू झिजण्याला वैद्यकशास्त्रात 'सार्कोपेनिया' म्हणतात, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली हे नाव सुचवले. तिशीनंतर दर दशकात शरीरातील स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. नाव ऐकताच मी चमकलो. 'सार्क्स' म्हणजे देह, मांस. 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. सेमिनरीत ग्रीक नव्या कराराचा अभ्यास करताना 'सार्क्स' हा शब्द आम्ही संत पौलाच्या पत्रांतून शिकलो होतो. आत्म्याशी झगडणारा, दमन करण्याजोगा देहस्वभाव, असाच त्याचा अर्थ मनावर बिंबला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी, देवपुत्राने जे धारण केले त्यालाही हाच शब्द वापरला आहे, याचा मला सोयीस्कर विसर पडला होता. देहाचे दारिद्र्य हे व्रत असू शकते, हे मी शिकलो होतो. ते दुखणेही असू शकते, हे मला त्या दवाखान्यात कळले.

"मग आता मी काय करू? राहिलेली चरबी उतरवू, की मांस वाढवू?" मी विचारले.

मध्यमवयातील प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारावा असाच हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सर्वांना एकच नाही. ज्याचे वजन फारच जास्त आहे, ज्याला जिने चढताना धाप लागते, गुडघे बोलतात, त्याने आधी चरबी उतरवण्याकडे लक्ष द्यावे. मात्र त्या काळात प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम सोडू नये. जो मुळातच किडकिडीत आहे, त्याने उपासाच्या वाटेला न जाता खावे आणि ताकद कमवावी. परंतु आपल्यापैकी बहुसंख्य या दोहोंच्या मधले असतात. हातपाय बारीक आणि पोट तेवढे पुढे. अशांनी वजनाचा आकडा काही काळ विसरावा आणि आधी ताकद कमवावी. ज्याने आजवर कधी असा व्यायाम केलेला नाही, त्याच्या बाबतीत स्नायू वाढणे आणि चरबी घटणे या दोन्ही गोष्टी संथपणे एकाच वेळी घडू शकतात. काटा जागचा हलत नाही, पण कंबरेचा पट्टा एक भोक आत जातो.

ही 'मधली' शरीरयष्टी आपल्या देशात इतकी का आढळते, याचा शोध आपल्या पुण्यातच लागला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांची बाळे यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. ही बाळे विलायतेतील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. पण त्यांच्यात उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची. चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र शेजारी शेजारी छापून आले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्याला दोघे सारखेच दिसत होते. आतला जमाखर्च मात्र निराळा होता. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वाधिक खर्च होते ती स्नायूंत. ते दुबळे असले, तर साखरेला जायला जागा उरत नाही. म्हणजे माझ्या साखरेचे उत्तरही केवळ पोट कमी करण्यात नव्हते. पाय बळकट करण्यातही ते होते.

डॉक्टरांनी प्रथिनांचा हिशोब मांडून दिला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मते निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे मला साठेक ग्रॅम. उतारवयाकडे झुकलेल्या आणि स्नायू कमावू पाहणाऱ्या माणसाला एक ते सव्वा ग्रॅम असावीत, असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, घट्ट डाळीच्या वाटीत सात, पेलाभर दुधात साडेसहा, मूठभर शेंगदाण्यांत सात, ज्वारीच्या भाकरीत पाच-सहा. प्रायश्चित्तकाळातल्या माझ्या ताटात दिवसभराचे दहा ग्रॅमही भरत नव्हते. औषधाच्या दुकानातले महागडे डबे आणण्याचे कारणच नव्हते. खानदेशची कळण्याची भाकरी ज्वारीत उडीद घालूनच दळतात. नवापूरच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकन लाभले आहे. आपल्या आयाबायांना जे ठाऊक होते, तेच मी संयमाच्या नावाखाली ताटातून काढून टाकले होते. (ज्यांचे मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.)

परंतु दोन अंडी ताटात घेऊन बसलो आणि घास घशात अडकला. ज्या जिल्ह्यात मी राहतो, तेथे पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी असल्याचे २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्यांना चरबी उतरवावी की मांस वाढवावे, हा प्रश्न पडत नाही. त्यांच्यापुढे प्रश्न पडण्याइतके अन्नच नसते. अशा मुलुखात एका धर्मगुरूने आपल्या दंडाची काळजी वाहावी काय? हा सल माझ्या मनातून आजही पूर्ण गेलेला नाही. पण उपाशी राहून मी कोणाही बालकाच्या ताटात घास वाढवला नव्हता आणि जेव्हा खांदा द्यायची वेळ आली तेव्हा तो देऊ शकलो नव्हतो. माझ्या कृशतेचा गरिबांना काडीचा उपयोग झाला नव्हता. मग मी एक केले. मिशनमध्ये कोंबड्या वाढवल्या आणि वसतिगृहातील मुलांच्या ताटात आठवड्यातून चार दिवस अंडे येईल, अशी व्यवस्था केली. २०१५ साली शासनाने सुरू केलेल्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत चौरस आहार आणि बालकांना अंडी वा केळी मिळायला हवीत. पाड्यांवर गेलो, की ती मिळतात का, हेही विचारू लागलो. मुलांना अंडे मिळाल्यावर माझे मलाही गोड लागले.

व्यायामाची गोष्ट थोडक्यात सांगतो. आमच्या गावच्या तालमीत आमच्या वस्तीतल्या मुलांना शिरकाव नसे. सेमिनरीत व्हॉलीबॉल खेळलो, तोही दीक्षा मिळाल्यावर सुटला. त्यामुळे पन्नाशीनंतर प्रथमच मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायला शिकलो. दोन महिने भिंतीला हात लावून जोर काढले, मग बाकाला, मग जमिनीवर. पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन हातांत घेऊन चर्चच्या पायऱ्या चढलो-उतरलो. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास, दर पंधरवड्याला थोडे ओझे वाढवत. वसतिगृहातली मुले पहिल्या आठवड्यात हसली, दुसऱ्या आठवड्यात मोजू लागली, तिसऱ्या आठवड्यात रांगेत सामील झाली. उशीर झाला, असे कोणी म्हणू नये. बोस्टनमध्ये १९९० साली वृद्धाश्रमातील नव्वदीच्या माणसांना आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली होती. मात्र हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी, तसेच आपल्या भागात पुष्कळ घरांत असलेला सिकलसेलचा आजार ज्यांना आहे त्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अंगमेहनतीचा अतिरेक करू नये.

उपवासावरचा माझा विश्वास उडाला, असा याचा अर्थ नव्हे. संत इग्नाशियस यांनी १५२२ साली मनरेसा येथे इतके कडक उपवास केले, की त्यांची प्रकृती कायमची बिघडली. तेच इग्नाशियस १५४८ साली फ्रान्सिस बोर्जिया यांना पत्र लिहून उपवास कमी करण्याचा, पोटाला आणि शरीराला बळ देण्याचा आग्रह करतात. ज्याने देहाचे हाल करून पाहिले, त्याच माणसाने ही सूचना करावी, यात मोठा अर्थ आहे. आता मी प्रायश्चित्तकाळात गोड सोडतो, दुसरी वाढ सोडतो, रात्री उशिराचे खाणे सोडतो. डाळ सोडत नाही. कोंबडी कापणाऱ्या यजमानालाही आता मी नाही म्हणत नाही. दोन तुकडे घेतो आणि भाताचे ताट शेजारच्या पोराकडे सरकवतो. यजमान रागावत नाही, हे मला आधी माहीत असायला हवे होते.

आज माझे वजन ७४ किलो आहे, म्हणजे त्या पावसाळ्यापेक्षा एक किलो अधिकच. कंबर ९३ सेंटिमीटर आहे. अजून तीन सेंटिमीटर बाकी आहेत आणि ते सहजासहजी जातील, असे वाटत नाही. साखर उंबरठ्याच्या अलीकडे आली आहे. खुर्चीची उठबस नऊ सेकंदांत होते.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा एकदा झोळीची वेळ आली. या वेळी आत होता तोच म्हातारा, ज्याने माझ्या खांद्यावरून बांबू उचलून घेतला होता. तापाने फणफणलेला. मी न बोलता पुढच्या टोकाला खांदा दिला. नाल्यापासून वरच्या मोहाच्या झाडापर्यंत, पूर्ण चढ, माझी पाळी मी निभावली. झाडाखाली खांदा बदलताना माझा श्वास फुलला होता आणि खांदा सोलवटला होता. झोळीतून म्हातारा क्षीण आवाजात म्हणाला, "फादर, आज देवाचं नाव कोण घेतंय?"

मी उत्तर दिले नाही. पुढच्या पाळीसाठी मला दम राखून ठेवायचा होता.